यंत्रावर सही कुणाची

पीएसपीचं शेवटचं अधिकृत फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, ६.६१. सोनीने ते जानेवारी २०१५ मध्ये दिलं आणि त्यानंतर या हातात मावणाऱ्या खेळांच्या कन्सोलसाठी एकही अपडेट आलं नाही. कंपनीच्या दृष्टीने हे यंत्र तिथेच संपलं. माझ्या टेबलावरच्या पीएसपीत मात्र त्यानंतर लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम चालतात. त्यासाठीचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रभाषेत आणणारं साधन) अजून सुधारला जातो, हौशी लोकांनी बदललेल्या, म्हणजे कस्टम, फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्या येतात, कुणीतरी जुना मुक्तस्रोत खेळ त्यावर आणून बसवतं. हे सगळं करणाऱ्यांना यासाठी कुणी पगार देत नाही आणि परवानगी तर कधीच दिली नव्हती.

कंपनीच्या परवानगीशिवाय कन्सोलसाठी लिहिलेल्या अशा प्रोग्रॅमना होमब्रू म्हणतात. त्याविषयी बोलताना लोक पटकन दोन टोकांना जातात. एकाला ही गोष्ट चोरी वाटते, दुसऱ्याला गंमत. मला ती गेली कित्येक वर्षं मालकीची गोष्ट वाटत आली आहे, आणि फर्मवेअर अपडेटांचा इतिहास वाचला की ती तशी का वाटते हे सांगता येतं.

कन्सोल आतून संगणकच असतो. प्रोसेसर, मेमरी, पडदा, बटणं, सगळं तेच. पण संगणकावर तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम चालतो, कन्सोलवर चालत नाही. कुठलाही प्रोग्रॅम सुरू होण्याआधी कन्सोल त्याच्यावरची डिजिटल सही तपासतो. ती कंपनीची असेल तर पुढे, नसेल तर तिथेच थांब. यामागे धंद्याचं गणित आहे. यंत्रावर फारसा नफा घ्यायचा नाही, कधी तोटाही सोसायचा, आणि प्रत्येक खेळाच्या परवान्यातून तो भरून काढायचा. हे गणित मला समजतं. पण त्याचा परिणाम असा की पैसे मोजून घरी आणलेल्या यंत्रावर माझी सही चालत नाही.

आणि ही तपासणी माणसांनीच लिहिलेली असल्यामुळे तिच्यात फटी राहतात. फट सापडली की होमब्रू चालतं. कंपनीला कळलं की अपडेट येतं आणि फट बुजते. मग पुढची फट. पीएसपीच्या बाबतीत हा खेळ इतक्या जवळून आणि इतक्या वेगाने झाला की त्याच्याइतकं मनोरंजक दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आलेल्या पहिल्या पीएसपीवर १.०० फर्मवेअर होतं. ते मेमरी स्टिकवरच्या, म्हणजे मेमरी कार्डावरच्या, प्रोग्रॅमची सही नीट तपासतच नव्हतं. पुढे १.५० मध्ये तपासणी आली, आणि २००५ च्या मध्यावर तिला वळसा सापडला. मेमरी स्टिकवर एकाच नावाचे दोन फोल्डर करायचे आणि एकाच्या नावाच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह लावायचं. एका फोल्डरात नाव, चित्र वगैरे दर्शनी माहिती आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष प्रोग्रॅम. फर्मवेअर तपासायचं एकाला आणि चालवायचं दुसऱ्याला. मेनूत त्या दुसऱ्या फोल्डराच्या जागी ‘करप्टेड डेटा’ अशी पाटी दिसायची. ती दिसू नये म्हणून फोल्डरांची नावं कशी ठेवायची याच्याही युक्त्या निघाल्या.

मी पहिल्यांदा स्वतःचा प्रोग्रॅम पीएसपीवर चालवला तेव्हा पडद्यावर एक पांढरा चौकोन होता आणि ॲनालॉग बटणाने तो हलत होता. बस्स. खेळ म्हणून त्याला काही अर्थ नव्हता. पण त्या चौकोनासाठी मला कळून घ्यावं लागलं की पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा असला तरी मेमरीत प्रत्येक ओळ ५१२ ठिपक्यांची धरलेली असते. ४८० धरून लिहिलंत तर सगळं चित्र तिरकं होत जातं. बटणांची स्थिती एका आकड्यातल्या बिटांमधून वाचायची. प्रोसेसरचा वेग प्रोग्रॅममधूनच बदलता येतो. या शेवटच्या माहितीने मी थरारलो होतो, कारण पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकत असताना अधिकृत खेळांना बराच काळ त्याहून कमी वेगावर राहावं लागत होतं. ती मर्यादा २००७ मध्ये उठली. होमब्रू लिहिणारे त्याआधीपासूनच पूर्ण वेग वापरत होते. यंत्र काय करू शकतं याचं खरं उत्तर जाहिरातीत नसतं, ते यंत्रालाच विचारावं लागतं, आणि आता मला ते विचारता येत होतं.

त्यामुळे अपडेटची सूचना आली की पोटात गोळा यायचा. ऑगस्ट २००५ च्या सुमारास २.०० आलं तेव्हा त्यात वेब ब्राउझर होता. वायफाय असलेल्या यंत्रावर ब्राउझर ही तेव्हा मोठी गोष्ट होती, आणि त्याच अपडेटने होमब्रूची वाट बंद केली होती. त्यानंतरच्या अनेक अपडेटांची घडण हीच राहिली. हवीशी एखादी सोय आणि तिच्या सोबत एक बंद दार. शिवाय नवे खेळ किमान अमुक फर्मवेअर लागेल म्हणायचे आणि ते फर्मवेअर खेळाच्या डिस्कवरच सोबत यायचं. म्हणजे नवा खेळ की स्वतःचे प्रोग्रॅम, असा प्रश्न प्रत्येक डिस्कपाशी. काहीजणांनी त्यावर दोन पीएसपी बाळगण्याचा उपाय काढला होता.

संगणकावर सुरक्षेचं अपडेट आलं की मी ते लगेच घेतो आणि इतरांनाही घ्यायला सांगतो. ते मला परक्यांपासून वाचवतं. कन्सोलच्या बऱ्याच अपडेटांमध्ये तो परका म्हणून मलाच धरलेलं असतं. हा फरक एकदा लक्षात आला की ‘अपडेट करा’ या बटणाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. मी कुठलंही कन्सोल-अपडेट आधी काय बंद करतंय ते वाचल्याशिवाय घेत नाही. आपोआप होणारी अपडेट्स बंद ठेवतो. एका कन्सोलवर तर वायफायची नोंदच ठेवलेली नाही.

२.०० ने जुनी वाट बुजवली, पण त्यात एका टिफ चित्रातून घुसता येत होतं. चित्र उघडणाऱ्या कोडमध्ये मोजमापाची चूक होती. ती वापरून लोक परत १.५० वर उतरले. इथेच एक काळा प्रकारही घडला. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘यानेही डाउनग्रेड होतं’ असं सांगत एक फाइल पसरवली गेली. ती फ्लॅश मेमरीतल्या महत्त्वाच्या फाइली पुसायची आणि पीएसपी कायमचा मरायचा. अँटिव्हायरस कंपन्यांनी तिची ट्रोजन म्हणून नोंद केली. होमब्रूच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट गाळून पुढे जाऊ नये. कंपनीची सही टाळता येते म्हणजे भल्याबुऱ्या कुणाचाही कोड चालू शकतो, आणि तो नीट वाचण्याची जबाबदारी मग आपल्यावर येते. ती मला मान्य आहे. मालकीत ती धरलेलीच असते.

२००६ मध्ये डार्क ॲलेक्स या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने कस्टम फर्मवेअर आणलं आणि निवड करण्याची सक्तीच संपवली. अधिकृत फर्मवेअरच्या नव्या सोयी ठेवायच्या, सही तपासणारा भाग तेवढा बदलायचा. नवा खेळही चालतो आणि स्वतःचा प्रोग्रॅमही. मला या कामात धाडसापेक्षा कसब जास्त दिसतं. दुसऱ्याने लिहिलेला, मूळ कोड न दाखवलेला प्रोग्रॅम यंत्रभाषेतून वाचून काढायचा, नेमकी कुठली सूचना बदलली की बाकी काही ढळणार नाही हे ओळखायचं, आणि हे अशा यंत्रावर करायचं जिथे एक चूक म्हणजे यंत्र ब्रिक, विटेसारखं निकामी.

ब्रिकवरचा उपायही पुढच्याच वर्षी निघाला आणि तो बॅटरीत लपलेला होता. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते, तिच्यात अनुक्रमांक असतो. सेवा केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या खास बॅटरीच्या अनुक्रमांकात सगळे बिट १ असतात. असा क्रमांक दिसला की यंत्र आतली फ्लॅश मेमरी सोडून थेट मेमरी स्टिकवरून सुरू होतं. साध्या बॅटरीतला क्रमांक तसा बदलला की तीच सेवा केंद्राची बॅटरी. पॅन्डोरा बॅटरी हे तिचं पडलेलं नाव. कितीही बिघडलेला पीएसपी तिने उठवता यायचा. हे फर्मवेअरच्याही आधी घडत असल्याने कुठल्याही अपडेटने थांबवता येईना. शेवटी नवे मदरबोर्ड काढावे लागले. पीएसपी-२००० च्या उत्तरार्धातल्या यंत्रांवर आणि पीएसपी-३००० वर पॅन्डोरा चालत नाही.

त्या नव्या यंत्रांसाठी पुन्हा सेव्ह फाइली, पुन्हा चित्रं, पुन्हा खेळांच्या नमुना आवृत्त्या. ल्युमिनेस या कोड्याच्या खेळात तर त्याआधी, २००७ मध्येच, अशी एक फट सापडली होती आणि त्या खेळाची विक्री एकाएकी उसळली होती. मग जानेवारी २०११ च्या आसपास अनपेक्षित दिशेने शेवट आला. सोनीच्याच प्लेस्टेशन ३ ची, म्हणजे पीएस३ ची, सुरक्षा कोसळली आणि त्या यंत्राच्या आत पीएसपीच्या गुप्त डिजिटल किल्ल्या सापडल्या, कारण पीएस३ ला पीएसपीचे खेळ चालवता यावेत अशी तजवीज आत होती. पीएसपीवर सही करण्याची आणि ती तपासण्याची किल्ली एकच होती. ती हाती आल्यावर होमब्रू प्रोग्रॅमवर अशी सही करता येऊ लागली की अधिकृत फर्मवेअरही त्याला आपलाच समजू लागलं. आता ६.६१ वर कस्टम फर्मवेअर चालू करायला कुठला दुर्मीळ खेळ लागत नाही की बॅटरी उघडावी लागत नाही. माझ्या पीएसपीवर ते यंत्र पूर्ण बंद होईपर्यंत टिकतं. पुन्हा चालू केल्यावर मेनूतून एक छोटा प्रोग्रॅम सुरू करायचा, की झालं.

निन्टेन्डोच्या वी या कन्सोलची गोष्ट वेगळी. तिथे माझं मन पीएसपीपेक्षाही जास्त रमतं, कारण तिथे चुका फार सुंदर आहेत.

वीमध्ये प्रोग्रॅमवरची सही तपासताना हॅश नावाचा वीस बाइटांचा ठसा काढला जायचा आणि सहीतल्या ठशाशी ताडून पाहिला जायचा. ताडून पाहण्यासाठी वापरलं होतं मजकुराच्या दोन ओळी जुळतात का हे बघणारं सी भाषेतलं साधं फंक्शन. सीमध्ये मजकूर शून्य बाइट आला की संपतो. म्हणजे दोन्ही ठशांचा पहिलाच बाइट शून्य असला तर फंक्शन तिथेच थांबायचं आणि ‘जुळलं’ म्हणायचं. सगळी शून्यं भरलेली खोटी सही उलगडली की शून्यंच मिळतात. राहिला आपला ठसा. प्रोग्रॅममधला एखादा निरुपयोगी आकडा बदलत राहायचं. सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा ठशाचा पहिला बाइट शून्य येतो, आणि संगणकाला एवढे प्रयत्न करायला क्षणही लागत नाही. मजबूत गणितावर उभी असलेली सुरक्षा, आणि ती एका चुकीच्या फंक्शनमुळे उघडी. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

तिथपर्यंत पोचण्याची वाटही तशीच. वीला आधीच्या पिढीतल्या गेमक्यूबचे खेळ चालवता यायचे. त्या अवस्थेत मेमरीचा थोडाच भाग वापरायला मिळायचा, पण बाकीच्या भागात महत्त्वाच्या किल्ल्या तशाच पडून राहायच्या. संशोधकांनी चिमट्याने मेमरीच्या पत्त्याच्या तारा जोडून तो बंद भाग डोकावून वाचला. त्या गटाचं टीम ट्विझर्स हे नाव त्या चिमट्यावरून. डिसेंबर २००७ मध्ये जर्मनीतल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात वीवर स्वतःचा कोड चालताना दाखवला गेला. पुढच्या वर्षी ते चिमट्याशिवाय जमू लागलं. झेल्डाच्या ट्वायलाइट प्रिन्सेस या खेळात घोड्याला आपण नाव देतो. सेव्ह फाइलमध्ये ते नाव ठरलेल्या जागेपेक्षा लांब भरलं की ते पलीकडच्या मेमरीवर सांडतं आणि तिथून आपला कोड सुरू होतो. ३.३ अपडेट ही सेव्ह फाइल शोधून पुसायला लागलं. ते चुकवायचा मार्ग निघाला. मार्च २००९ च्या ४.० ने ती वाट कायमची बंद केली. नंतर दुसऱ्या वाटा आल्या. सप्टेंबर २००९ च्या ४.२ ने थेट यंत्र सुरू होतानाचा एक टप्पा पुन्हा लिहिला, आणि त्यात काही यंत्रं बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. त्यांत कधीही फेरफार न केलेलीही होती. होमब्रू हटवण्यासाठी साध्या वापरणाऱ्याचं यंत्र धोक्यात घालणं मला आजही अक्षम्य वाटतं.

जून २०१० चं ४.३ हे वीचं शेवटचं अपडेट. ऑगस्ट २०११ मध्ये लेटरबॉम्ब आला. एसडी कार्डवर एक बनावट संदेश ठेवायचा, तो वीच्या संदेशफलकावर पाकिटासारखा दिसतो, पाकिटावर बॉम्बचं चित्र, उघडलं की होमब्रूची स्थापना सुरू. ही फट आजतागायत बुजवली गेलेली नाही. स्थापना होताना सगळ्यात आधी काळ्या पडद्यावर एक इशारा येतो: हे सॉफ्टवेअर फुकट आहे, यासाठी तुमच्याकडून कुणी पैसे घेतले असतील तर तुम्हाला फसवलंय, पैसे परत मागा. घाईने पुढे जाता येत नाही, काही वेळ तो वाचावाच लागतो. या लोकांविषयीचा माझा आदर त्या एका पडद्याने दुणावला.

चाचेगिरीविषयी आडपडदा न ठेवता लिहायला हवं. ज्या फटीतून माझा पांढरा चौकोन आत गेला त्याच फटीतून खेळांच्या चोरलेल्या प्रती गेल्या, आणि पीएसपीवर त्या फार मोठ्या प्रमाणात गेल्या. छोट्या स्टुडिओंना त्याचा फटका बसला असं तेव्हा खेळ बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं आणि त्यावर अविश्वास दाखवायचं मला काही कारण दिसत नाही. कुणाचं काम फुकट उचलणं आणि स्वतःचं काम स्वतःच्या यंत्रावर चालवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टीम ट्विझर्स चाचेगिरीच्या साधनांना जाहीरपणे विरोध करायची. मीही चोरीचा खेळ ठेवत नाही. पण तपासणी या दोघांत फरक करत नाही. ती ‘कंपनीची’ आणि ‘बाकी सगळे’ एवढंच ओळखते, आणि त्यामुळे स्वतः लिहू पाहणारा माणूस चोराच्या रांगेत उभा केला जातो.

हे अपरिहार्य नव्हतं. १९९७ मध्ये सोनीनेच नेट यारोझ नावाचं काळ्या रंगाचं प्लेस्टेशन हौशी प्रोग्रॅमरना विकलं होतं. पीएस२ साठी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा संच दिला होता. पीएस३ तर आला तोच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायच्या अधिकृत सोयीसह. अमेरिकी हवाई दलाने १,७६० पीएस३ जोडून महासंगणक उभारला, तो याच सोयीच्या बळावर. १ एप्रिल २०१० रोजी ३.२१ अपडेटने ही सोय काढून घेतली. अपडेट घ्या आणि लिनक्स गमवा, किंवा घेऊ नका आणि ऑनलाइन सेवेला मुका. विकताना खोक्यावर असलेला गुण विकल्यानंतर दुरून काढून घेतला गेला. अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा झाला आणि काही वर्षांनी तडजोडीने मिटला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फेलओव्हरफ्लो या गटाने बर्लिनमध्ये दाखवलं की पीएस३ च्या सह्यांमध्ये दर वेळी नवी यायला हवी अशी एक यादृच्छिक संख्या प्रत्येक वेळी तीच वापरली गेली आहे. दोन सह्या घ्या, शाळेतल्या समीकरणांसारखी एकातून दुसरी वजा करा, आणि खासगी किल्ली बाहेर. या गटातही वीवर काम केलेली माणसं होती. त्यांचं म्हणणं होतं की लिनक्सची सोय असेपर्यंत कुशल लोकांना हे यंत्र फोडायचं फारसं कारणच नव्हतं, आणि ती काढल्यावर ते मिळालं. मला हे पटतं. एक्सबॉक्स वनवर मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये डेव्हलपर मोड सगळ्यांना खुला केला. थोडी नोंदणी, थोडं शुल्क, आणि दुकानातून आणलेल्या कन्सोलवर स्वतःचे प्रोग्रॅम. तो कन्सोल त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी फोडला नाही. सुरक्षेची रचना उत्तम होती हे त्याचं मोठं कारण असणार, पण स्वतःची सही चालवायला राजरस्ता असला की कड्यावरून चढणारे कमी होतात, असं माझं मत आहे.

अलीकडच्या यंत्रांवर लढाई आणखी खाली उतरली आहे, बूटरॉमपर्यंत. बूटरॉम म्हणजे चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला पहिला कोड. तो बदलता येत नाही, म्हणून त्यात चूक राहिली तर अपडेट तिला हात लावू शकत नाही. निन्टेन्डो ३डीएसच्या बूटरॉममध्ये सहीचा मजकूर वाचताना त्याच्या हद्दी तपासलेल्या नव्हत्या. विशिष्ट तऱ्हेने बनवलेली सही दिली की यंत्र आपण काढलेला ठसा त्याच ठशाशी ताडून पाहायचं. तो जुळणारच. २०१७ पासून ३डीएसवर हा मार्ग सर्वांसाठी खुला आहे. निन्टेन्डोच्याच स्विचच्या टेग्रा एक्स१ चिपमध्ये यूएसबीवरून दुरुस्ती करायच्या अवस्थेत किती मजकूर घ्यायचा याची मर्यादा नीट तपासली जात नव्हती. संशोधक केट टेमकिन यांनी एप्रिल २०१८ मध्ये ती चूक जाहीर केली, तीही आधी कंपन्यांना कळवून. त्यानंतर बनलेल्या यंत्रांमध्ये ती सुधारली गेली, आधी विकली गेलेली मात्र कायमची उघडी राहिली.

त्याच स्विचमध्ये फ्यूज आहेत. काही अपडेटांसोबत चिपमधला एक सूक्ष्म फ्यूज जाळला जातो आणि जळलेला फ्यूज परत जोडता येत नाही. जुनं फर्मवेअर घातलं तर ते जळालेले फ्यूज मोजतं आणि अपेक्षेपेक्षा जास्त दिसले की सुरूच होत नाही. तंत्र म्हणून ते हुशार आहे. पण मी विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग, माझ्या मागे जायच्या वाटेवरचा, कायमचा जाळला जातो आणि ‘सिस्टिमची स्थिरता सुधारली’ एवढ्याच शब्दांत मला ते सांगितलं जातं. याची चीड येते ती मला लपवायची नाही.

जुनं फर्मवेअर जपून ठेवणाऱ्यांना मात्र कधी तरी फळ मिळतंच. सोनीने २०२० मध्ये चुका शोधणाऱ्यांना बक्षीस देणारी योजना जाहीर केली. आता चूक आधी कंपनीला कळवली जाते, अपडेटने बुजवली जाते आणि मग जाहीर होते. जो अपडेट न घेता थांबला आहे त्याला ती वापरता येते. २०२४ मध्ये पीएस४ च्या ११.०० फर्मवेअरसाठी अशीच एक चूक जाहीर झाली, आणि तिचं मूळ फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिममधल्या २००६ सालच्या नोंदवलेल्या चुकीत होतं. अठरा वर्षांपूर्वीची चूक नव्या यंत्रात तशीच वाहत आली होती.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी तारखा दाखवतो. वीची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ ला बंद झाली, तिचं दुकान ३० जानेवारी २०१९ ला. ३डीएसचं दुकान २७ मार्च २०२३ ला, ऑनलाइन खेळ ८ एप्रिल २०२४ ला. दुकान बंद होऊन दोन महिने उलटायच्या आत ३डीएसला आणखी एक अपडेट आलं, ११.१७, आणि त्याने होमब्रूच्या तेव्हाच्या काही वाटा बंद केल्या. विकायला काही उरलं नव्हतं तरी दार लावून घ्यायची तत्परता उरली होती. नव्या वाटा निघाल्या. बंद पडलेल्या ऑनलाइन सेवांच्या जागी स्वयंसेवकांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले आहेत, आणि त्यांना जोडायला कन्सोलवर होमब्रूच लागतं. पैसे देऊन घेतलेल्या खेळांच्या आणि सेव्ह फाइलींच्या प्रती काढायलाही तेच लागतं.

माझं सध्याचं काम याच शेवटच्या प्रकारातलं आहे. पीएसपीच्या बहुतेक सेव्ह फाइली सांकेतिक रूपात साठवलेल्या असतात आणि त्यांची किल्ली खेळागणिक वेगळी असते. ती किल्ली फक्त खेळ चालू असताना यंत्राच्या मेमरीत मिळते. म्हणून मी एक छोटा प्लगइन, म्हणजे खेळासोबत मागे चालणारा जोड-प्रोग्रॅम, लिहितोय, जो खेळाने सेव्ह मागितली की त्याच क्षणी किल्ली टिपून ठेवतो आणि उलगडलेली प्रत मेमरी स्टिकवर वेगळी लिहितो. मोठ्या सेव्ह असलेल्या खेळांत मेमरी कमी पडते, कारण पहिल्या पीएसपीत सगळं मिळून ३२ मेगाबाइटच असतात आणि त्यातली बहुतेक खेळाने आधीच घेतलेली असते. तुकड्यातुकड्याने लिहायची पद्धत बसवली की ते सुटेल असं दिसतंय. नंतर मूळ कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणार आहे.